दोन रुपयांची शंका

निवडणूक ड्युटीचा आदेश शाळेत आला तेव्हा त्यावर माझं सासरचं नाव होतं. मतदार यादीत मात्र माहेरचं. लग्नाला चार वर्षं झाली होती. आधार बदललं, पासबुक बदललं, पगाराच्या कागदांवर नवं नाव आलं, मतदार यादीतलं तेवढं राहून गेलं. सासर-माहेर एकाच शहरात, केंद्रही तेच. त्यामुळे कधी काही अडलं नव्हतं.

अडलं ते प्रशिक्षणात. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी तिथेच टपाली मतदानाची सोय केलेली होती. मी रांगेत उभी राहून आदेश आणि मतदार कार्ड पुढे केलं. टेबलावरच्या माणसाने दोन्हीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, “मॅडम, आदेशावरच्या बाई आणि यादीतल्या बाई एकच, हे कशावरून?”

प्रश्न बरोबर होता, पण मला उत्तर सुचेना. मी इथे उभी आहे, दोन्ही मीच आहे, यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. घरी फोन करून विवाह नोंदणीचा दाखला मागवला. तो येईपर्यंत तासभर भिंतीला टेकून उभी होते. काही चूक न करता आपण आपलेच आहोत हे सिद्ध करायला थांबणं कसं असतं, ते त्या दिवशी कळलं. शेवटी मत दिलं. पण तो तास मनातून गेला नाही, कारण चारच दिवसांनी मला टेबलाच्या पलीकडे बसून तोच प्रश्न इतरांना विचारायचा होता.

मी मतदान अधिकारी क्रमांक एक. माझं काम चिन्हांकित प्रत सांभाळायचं. चिन्हांकित प्रत म्हणजे त्या केंद्राची मतदार यादी, जिच्यावर दिवसभर खुणा होतात. मतदार आला की ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी ऐकतील, मग त्या चौकटीत तिरपी रेघ मारायची. बाई असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करायचा. शाई, सही, बटण ही सगळी कामं पुढच्यांची. पण आत येणाऱ्या माणसाला ‘तुम्ही कोण?’ हे पहिल्यांदा विचारणारी मी.

मतदार कार्ड नसेल तर चालणारी बारा कागदपत्रं मी पाढ्यासारखी पाठ केली. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, कामगार मंत्रालयाच्या योजनेचं आरोग्य विमा कार्ड, लोकसंख्या नोंदवहीचं स्मार्ट कार्ड, खासदार-आमदारांचं ओळखपत्र. रेशन कार्ड त्यात नाही. आणि घरोघर वाटतात ती मतदार चिठ्ठीही २०१९ पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत. ती फक्त नाव कुठल्या पानावर आहे ते सांगते.

हे सगळं पाठ होऊनही मी गोंधळलेलीच होते. मला वाटायचं, ज्याच्याकडे कार्ड त्याला मत. एवढं सोपं काम असताना इतकी पुस्तिका कशासाठी?

१९ नोव्हेंबर २०२४, मतदानाचा आदला दिवस. साहित्य घेऊन एसटीने आम्ही बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावी पोचलो. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. आमचे केंद्राध्यक्ष एका हायस्कूलचे सर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, निवडणुकीच्या ड्युट्या करून मुरलेले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना पैसे देऊन पिठलं-भाकरी करून घेतली. जेवण झाल्यावर मी बल्बखाली यादी उघडून बसले.

९१२ नावं. प्रत्येक नावाशी टपालाच्या तिकिटाएवढा काळा-पांढरा फोटो. घर क्रमांकाप्रमाणे नावं लागलेली, त्यामुळे एकेका पानावर अख्खी कुटुंबं. यादीबरोबर आणखी एक कागद होता, एएसडी यादी. गैरहजर, स्थलांतरित, मयत. त्यात ३७ नावं.

मी सरांना विचारलं, “म्हणजे यांना उद्या मत नाही?”

“कोण म्हणालं?” सर म्हणाले. “नाव मुख्य यादीत आहे ना? मग हक्क आहे. हा कागद एवढंच सांगतो की यांच्या नावावर दुसरं कुणी येऊ शकतं, तर नीट बघा. माणूस खरा असेल तर कागदपत्रं मी स्वतः तपासायची, सहीबरोबर अंगठा घ्यायचा, लिहून घ्यायचं आणि मत द्यायला सोडायचं.”

मग त्यांनी मला जे सांगितलं, त्याने माझं पाठांतर उलटंपालटं झालं. कार्डाने हक्क मिळत नाही. हक्क यादीतल्या नावाने मिळतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६२ वं कलम तेच सांगतं: यादीत नाव नाही त्याला मत नाही, नाव आहे त्याला आहे. कार्ड फक्त एवढंच दाखवतं की यादीतला माणूस तो हाच. यादीत कोण असावं याचं उत्तर घटनेच्या ३२६ व्या कलमात आहे. भारताचा नागरिक आणि वय १८. वयाची अट आधी २१ होती, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ झाली. वगळायचं ते मोजक्याच कारणांनी: नागरिक नसणं, तिथला रहिवासी नसणं, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवणं, निवडणुकीतले गैरप्रकार आणि गुन्हे.

“शिक्षणाची अट नाही, जमिनीची नाही, कराची नाही,” सर म्हणाले. इंग्रजांच्या राज्यात मालमत्ता, कर, शिक्षण बघूनच मताचा हक्क मिळायचा. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येक प्रौढाला मत मागितलं, तेव्हा ती मागणी अनेकांना अवास्तव वाटत होती. माझ्या मांडीवरच्या यादीत गवंडी, शेतमजूर, अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या, सरपंच, डॉक्टर एकाच मापाच्या चौकटीत बसले होते. त्या रात्री ते कागद मला वेगळे दिसायला लागले.

पहाटे साडेपाचला प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान झालं. किमान ५० मतं टाकून, मोजून, पुसून यंत्र कोरं केलं, मोहरा लावल्या. सात वाजता दार उघडलं.

माझा पहिला मतदार एक आजोबा. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात मतदार चिठ्ठी, घडी घालून घालून मऊ झालेली. “ओळखपत्र, बाबा?” त्यांनी चिठ्ठीच पुन्हा पुढे केली. दुसरं काही आणलं नव्हतं. वस्ती दोन-अडीच किलोमीटरवर. यादीतला फोटो त्यांचाच होता, मला दिसत होतं. पण नियमाने कागद हवा होता. मी त्यांना परत जायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चिठ्ठी खिशात ठेवली आणि काठी टेकत निघून गेले. पहिल्याच माणसाला मी दारातून परत पाठवलं, हे मला फार लागलं.

मग रांग वाढली आणि विचार करायला वेळ उरला नाही. नऊच्या सुमारास एक आजी आल्या. मतदार कार्ड अगदी जुनं, फोटो पार पुसट. खात्री करायला मी विचारलं, “आजी, मालकांचं नाव काय?”

आजींनी पदर तोंडावर धरला, मान खाली घातली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी मोठ्याने विचारलं. मागची बाई पुढे सरकली आणि म्हणाली, “बाई, त्या नाव घेत नाहीत. मी सांगते.” तिने सांगितलं. बरोबर होतं.

मला माझी लाज वाटली. नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, हे ज्या पिढीने आयुष्यभर पाळलं, तिच्याकडून मी चार पुरुष प्रतिनिधींसमोर ते वदवून घेत होते. त्यानंतर मी रीत बदलली. नाव मी वाचायचं, त्यांनी मान हलवायची.

दुपारी चहा घेताना सरांनी मला पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. १९५१-५२ ची. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. उत्तरेच्या काही राज्यांत बायकांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहा म्हणाल्या. आयोगाने ते मान्य केलं नाही, नाव हवंच म्हणाला. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. आयोगाचं बरोबर होतं असंच मला वाटतं. बाईचं मत तिच्या स्वतःच्या नावाने असलं पाहिजे, नाहीतर ते कुणाच्या तरी खात्यावर पडलं असतं. पण त्या २८ लाख बायकांचं त्या वेळचं मत गेलं तेही खरंच. नियम योग्य असतो आणि तरीही त्याची किंमत कुणीतरी मोजतं. मी ते दिवसभर बघत होते.

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आजींनंतर तासाभराने एक नवी सून आली. यादीत सासरचं नाव, आधारवर माहेरचं, मतदार कार्ड अजून हातात आलेलं नाही. माझ्याच गोष्टीचं उलटं रूप. किरकोळ शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करा असं आयोगच सांगतो, पण इथे नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही वेगळी. मी तिला सरांकडे पाठवलं. सरांनी यादीतला फोटो बघितला, आधारवरचा बघितला, वय ताडून पाहिलं. ओळख पटवायला केंद्राध्यक्षाला माहितगार माणसाची मदत घेता येते, म्हणून कोतवालाला विचारलं, मग प्रतिनिधींकडे वळून “कुणाचा आक्षेप?” असं विचारलं. कुणाचाच नव्हता. पाच मिनिटांत सगळं झालं. मला तासभर लागला होता.

अकराच्या सुमाराला तो मुलगा आला, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले आहे.

पंचविशीचा असेल. चाकणला कारखान्यात कामाला, मतदानासाठी रात्रीच्या गाडीने आलेला. दाढी वाढवलेली. यादीतला फोटो अठराव्या वर्षाचा, गुळगुळीत गालांचा. मी नाव वाचलं आणि एका प्रतिनिधीने हात वर केला. “ह्याला मत देता येत नाही. हा इथं राहत नाही, चाकणला राहतो.”

मी यादीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. सर उठून आले. “कुठे राहतो हा प्रश्न इथे येत नाही. यादीत नाव आहे. तो आक्षेप यादी करताना घ्यायचा होता.”

“मग हा तोच न्हाई,” प्रतिनिधी म्हणाला. “फोटो बघा की.”

आता प्रश्न ओळखीचा झाला होता. सर म्हणाले, “ठीक आहे. आक्षेप घ्या. दोन रुपये भरा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ते खरोखर नियमात आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे मतदाराच्या ओळखीवर शंका घ्यायची तर प्रतिनिधीने दोन रुपये रोख जमा करायचे. त्याने खिशातून दोनचं नाणं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ते यादीच्या कडेला, त्या मुलाच्या चौकटीच्या अगदी शेजारी पडलं.

सरांनी मुलाला बजावलं की दुसऱ्याच्या नावाने मत देणं गुन्हा आहे, शिक्षा होते. मग ते प्रतिनिधीकडे वळले. “आता सांगा. हा तो नाही हे कशावरून? पुरावा काय?”

“त्यालाच विचारा की.”

“नाही. आधी तुम्ही. यादीत नाव असलेला माणूस खरा, असं धरूनच आपण चालतो. तो खोटा आहे हे तुम्ही दाखवायचं. तुमच्या शंकेत काही अर्थ दिसला तर मग मी त्याला विचारेन.”

खोलीत शांतता झाली. मी हातात पेन धरून बसले होते. प्रशिक्षणाच्या रांगेत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. तिथे मी खरी आहे हे मला दाखवायचं होतं. इथे कायदा मुलाच्या बाजूने आधी उभा राहिला होता आणि शंका घेणाऱ्याला पुढे या म्हणत होता.

प्रतिनिधीकडे काही नव्हतं. तरीही सरांनी मुलाचं आधार तपासलं, आई-वडिलांची नावं विचारली, यादीत त्याच्या वरचं आणि खालचं नाव कुणाचं ते विचारलं. मुलाने आजी आणि बहिणीचं नाव सांगितलं. कोतवालाने सांगितलं की प्रतिनिधी आणि हा मुलगा एकाच गल्लीतले, लहानपणापासून एकमेकांना ओळखणारे. प्रतिनिधीने मान खाली घातली. आक्षेप फेटाळला. मनापासून घेतलेली शंका चुकली असती तर पैसे परत मिळाले असते. ही तशी नव्हती, म्हणून जप्त झाले. सरांनी आक्षेपित मतांच्या यादीत नोंद केली, मुलाची सही घेतली. मी त्याच्या चौकटीत तिरपी रेघ मारली. हात थोडा थरथरला, रेघ वाकडी आली.

बाराला एक जीप थांबली. सात-आठ जण उतरले. ऊसतोडीला गेलेली माणसं. गाळप हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू व्हायचा होता आणि मतदान २० ला, त्यामुळे मुकादमाची उचल घेतलेल्या कितीतरी जोड्या आधीच कारखान्यांच्या वाटेला लागल्या होत्या. ही मंडळी वर्गणी काढून जीप करून आली होती. त्यातली तिघं एएसडी यादीत ‘स्थलांतरित’. सरांनी रात्री सांगितलं होतं तसंच केलं. कार्ड तपासलं, सही घेतली, जवळ अंगठा घेतला, लेखी घेतलं. तिघांनी मत दिलं.

त्यांच्यातलीच एक बाई माझ्यासमोर आली. पस्तिशीची. कार्ड होतं, खरं, होलोग्राम असलेलं, फोटोत तीच. मी यादीत शोधलं. नवऱ्याचं नाव होतं, सासूचं होतं. तिचं नव्हतं. पान मागे-पुढे केलं, पुरवणी यादी बघितली. नव्हतंच.

“मावशी, यादीत नाव नाही तुमचं.”

“असं कसं, बाई? मागच्या टायमाला टाकलं की म्या. कार्ड हाय न्हवं?”

सरांनीही शोधलं. मिळालं नाही. मग तिनेच सांगितलं, गेल्या हंगामात घराला सहा महिने कुलूप होतं. कुणीतरी येऊन गेलं, असं शेजारीण म्हणाली होती. नवऱ्याचं नाव राहिलं, हिचं का गेलं, ते तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सरांच्या हातात काही नव्हतं. ज्याचं नाव यादीत नाही त्याला कुठलंही कार्ड आत नेऊ शकत नाही. ती भांडली नाही. जीपचे पैसे भरून, रोज बुडवून आली होती. दाराबाहेर पायरीवर बसून राहिली, नवऱ्याचं मत होईपर्यंत. त्याने बाहेर येऊन शाईचं बोट वर केलं तेव्हा तिने दुसरीकडे बघितलं.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २० वं कलम मी नंतर वाचलं. नेहमीच्या राहण्याच्या जागेपासून माणूस तात्पुरता दूर गेला, तर एवढ्या कारणाने तो तिथला रहिवासी नाही असं होत नाही. स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि २२ वं कलम सांगतं की राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची पुरेशी संधी द्यायची. कुलूप म्हणजे स्थलांतर नव्हे, हे कायद्याला माहीत आहे. ते कुलपासमोर उभ्या राहणाऱ्या माणसालाही माहीत असायला हवं.

तीन वाजता सकाळचे आजोबा परत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बँकेचं पासबुक, फोटोचं. “हे चालतंय का?” मी म्हटलं, “चालतं, बाबा.” त्यांचं नाव मी इतक्या मोठ्याने वाचलं की मागच्या बाकावरचे प्रतिनिधी चमकले.

आणि साडेचारला एक आई. मत देऊन झाल्यावर ती माझ्या टेबलाशी परत आली. हळू आवाजात म्हणाली, “बाई, माझ्या खालचं नाव लेकाचं हाय. त्यो जेलात हाय. खटला चालू हाय अजून. त्याचं मी टाकू का?”

नाही, असंच सांगावं लागलं. तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, शिक्षा झालेली असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी घालणारं कलम योग्य ठरवलं आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला टपालाने मत देता येतं, जामिनावर सुटलेल्याला केंद्रावर येऊन. पण खटला चालू आहे आणि जामिनाला पैसे नाहीत, अशा माणसाला नाही. तोच कच्चा कैदी निवडणुकीला मात्र उभा राहू शकतो. २०१३ च्या दुरुस्तीने त्याचं नाव यादीतही राहतं. दिवस संपला तेव्हा आईच्या चौकटीत रेघ होती आणि खालची चौकट कोरी. ज्याचा गुन्हा अजून ठरलेला नाही, त्याचं मत आधीच काढून घेणं मला पटत नाही. त्या आईला मी काय सांगितलं असतं तर तिचं समाधान झालं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

सहाला रांगेत १४ जण होते. सरांनी शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून कुणी घुसणार नाही. यंत्र बंद केलं, मोहरा, पाकिटं, सह्या. परतीच्या बसमध्ये मी सरांना म्हटलं, एवढी कागदपत्रं बघण्यापेक्षा गाव ओळखतं त्यांना सोडून द्यावं. सरांनी नकारार्थी मान हलवली.

मतदार कार्डं येण्याआधीचे दिवस त्यांनी बघितले होते. टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, फोटोची कार्डं यायला लागली. त्याआधी नाव पुकारायचं आणि प्रतिनिधींनी मान डोलवायची, हीच ओळख. “गावात ज्याचा वचक, त्याच्याच प्रतिनिधीची मान डोलायची,” सर म्हणाले. एका निवडणुकीत एक माणूस दुपारी आला तर त्याच्या नावावर आधीच रेघ. कुणीतरी सकाळीच मत देऊन गेलं होतं. अशा वेळी प्रदत्त मतपत्रिका देतात. त्यावर खूण करून ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, पण नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत. “माझं खरं मत पाकिटात आणि चोराचं पेटीत, असं तो म्हणाला,” सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणून ओळखपत्राचा नियम मला मान्य आहे. आजोबांना मी परत पाठवलं ते वाईट वाटलं तरी चूक नव्हतं. बारा कागदांपैकी एक त्यांच्या घरात होता आणि त्यांच्या हातात दिवस होता. खोटं मत एका खऱ्या माणसाचं मत गिळतं. नियम असा हवा की गरिबातल्या गरिबाच्या ट्रंकेत त्यातला एक तरी कागद सापडेल. मनरेगाचं कार्ड आणि पासबुक त्या यादीत आहे, हे फार शहाणपणाचं आहे.

माझा जीव अडकला तो पायरीवर बसलेल्या बाईत. टेबलावर शंका घ्यायची तर दोन रुपये मोजावे लागतात, सगळ्यांसमोर बोलावं लागतं, आधी पुरावा द्यावा लागतो, नोंद राहते. तिच्या नावावर कुणीतरी शंका घेतली तेव्हा ती तिथे नव्हती. तिला कुणी काही विचारलं असेल तर ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. आपण सगळे वाद घालतो तो दारावरच्या कार्डाचा. माणसं गळतात ती त्याच्या कित्येक महिने आधी, यादीत.

पुढच्या वर्षी बिहारच्या बातम्या वाचताना मला तेच नाणं आठवत होतं. जून २०२५ मध्ये तिथे मतदार याद्यांची विशेष सखोल तपासणी सुरू झाली. ज्यांचं नाव २००३ च्या यादीत नव्हतं, त्यांनी जन्माचे, जन्मठिकाणाचे पुरावे द्यायचे होते. आधी सांगितलेल्या ११ कागदपत्रांत आधार नव्हतं आणि आयोगाचं स्वतःचं मतदार कार्डही नव्हतं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. ती कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणि पुढे आधार हे बारावं कागदपत्र म्हणून, ओळखीपुरतं, घ्यायला लावलं. यादीत मयतांची, दोनदा नोंदलेल्यांची नावं राहू नयेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण यादीत असलेला माणूस खरा धरायचा आणि खोटं ठरवणाऱ्याने पुरावा द्यायचा, ही टेबलावरची रीत यादीलाही लागू असली पाहिजे. नाव काढण्याआधी दार वाजलं पाहिजे, आणि दार उघडलं नाही तर पुन्हा वाजलं पाहिजे.

मी माझा नाव-दुरुस्तीचा नमुना ८ भरला. यादीत आता सासरचं नाव आहे. आणि बीएलओच्या, म्हणजे घरोघर जाऊन यादी तपासायच्या कामाला कुणी तयार होईना तेव्हा मी हो म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भागातल्या कडेच्या वस्तीवर गेले. पत्र्याचं घर, दाराला कुलूप, उंबऱ्यावर धूळ. यादीत चार नावं. हातातल्या तक्त्यात ‘स्थलांतरित’ असा रकाना होता, खूण करायला अर्धा सेकंद लागला असता. मी शेजारच्या दारात गेले.

“कारखान्याला गेलेत, बाई,” तिथली आजी म्हणाली. “पाडव्याला येतेत.”

मी रकाना कोरा ठेवला. वहीत घर क्रमांक लिहिला, त्याखाली चार नावं, आणि पुढे लिहिलं: पाडव्यानंतर परत जाणे.